दूधगंगा-वेदगंगा मॉडेल: पुराचा कमाल विसर्ग निम्माच का येतोय?

सदलगाकाठ:
दूधगंगेचं सदलग्यापर्यंतचं पाणलोट एचईसी-एचएमएसमध्ये (पावसावरून नदीचा विसर्ग काढणारं सॉफ्टवेअर) बसवलंय. पाऊस हवामान खात्याच्या 0.25 अंश ग्रिडचा (नकाशावरच्या चौकोनांचा), कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते जमिनीनुसार ठरवणारा आकडा) सगळीकडे 80. साधी वर्षं जुळतात, 2019 आणि 2021 चा कमाल विसर्ग मात्र नोंदीच्या निम्म्यावर अडकतो. हेच मॉडेल पुढे 2050 च्या हवामानासाठी आणि अथणीकडच्या दुष्काळासाठी वापरता येईल का?

घाटमाथा:
आधी पाऊस बघा. 0.25 अंशाचा एक चौकोन साधारण 27 किमीचा, म्हणजे पाटगावचा घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेचा कमी पावसाचा पट्टा यांची सरासरी होते. पाटगाव, राधानगरी, गारगोटी इथल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घेऊन निदान पाच-सहा उपपाणलोट करा.

दुसरी चूक कर्व्ह नंबरची. 80 वर 150 मिमी पाऊस झाला तर सुमारे 94 मिमी वाहतं (सुरुवातीची घट 0.2 एस धरून; एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरेल ते). आधीच्या पाच दिवसांत 53 मिमीहून जास्त झाला असेल, तर तोच नंबर 90 च्या घरात जातो आणि 121 मिमी वाहतं. महापुराच्या आठवड्यात जमीन आधीच तुडुंब असते. काळ्या मातीचं रान आणि लाल माती एका नंबरात बसवू नका.

काळम्मावाडी आणि पाटगाव धरणं मॉडेलमध्ये आहेत ना? विसर्गाच्या तासावार नोंदी घाला. दिवसाची सरासरी घेतली की दरवाजे उघडल्याची लाट सपाट होते.

पंचगंगापार:
मॉडेल ज्याच्याशी ताडताय ती विसर्गाची ‘नोंद’ही तपासा. ती नदीच्या पातळीवरून काढलेली असेल तर खालच्या पट्ट्यात फसवी आहे. कृष्णा चढली की दूधगंगेला फुगवटा येतो, पाणी तुंबतं, पातळी वाढते पण विसर्ग वाढत नाही, म्हणून नोंद खऱ्याहून जास्त दिसते. त्या भागासाठी एचईसी-आरएएस (नदीपात्रातली पातळी आणि फुगवटा काढणारं सॉफ्टवेअर) घ्या, खालची सीमा म्हणून कृष्णेची तासावार पातळी द्या.

सदलगाकाठ:
नोंद पातळीवरूनच काढलीय! आणि दुष्काळ?

शाळूवाला:
त्याला हे मॉडेल नको. एसपीआय (पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त ते सांगणारा निर्देशांक) काढा, निदान 30 वर्षांच्या पावसावर, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेरीज एकत्र घेऊ नका: सप्टेंबरचा जोर जुलै-ऑगस्टची उघडीप झाकतो. एक आणि तीन महिन्यांचा वेगळा काढा. तापमानवाढ धरायची तर एसपीईआय (पावसातून बाष्पीभवन वजा करून काढलेला तसाच निर्देशांक). बाष्पीभवनाला कमाल-किमान तापमानावर चालणारं हारग्रीव्ह्ज सूत्र पुरतं. शाळूसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची ओल स्वतंत्र बघा.

घाटमाथा:
2050 बद्दल: जागतिक हवामान मॉडेलचा मूळ चौकोन साधारण 100 किमीचा, त्यात सह्याद्री दिसतच नाही. शिवाय ती मॉडेलं रोज थोडा थोडा पाऊस पाडतात. क्वांटाइल मॅपिंग (मॉडेलच्या पावसाचं वाटप प्रत्यक्ष नोंदींशी जुळवणं) महिनावार करा, आधी कोरड्या दिवसांची संख्या जुळवा. एकाच मॉडेलवर विसंबू नका, पाच-सात घेऊन निकालांचा पल्ला द्या. त्याआधी 2005 चा पूर कॅलिब्रेशनमधून (मॉडेलचे आकडे नोंदींशी जुळवून ठरवण्यातून) बाजूला ठेवून तो जुळतो का ते पाहा.