मदत हवी: कोल्हापूरची एमएच ०९ वॅगनआर खानापुरात आणावी, का बेळगावची केए २२ च घ्यावी?

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी, मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, घरात आजवर फक्त दुचाकी होती. वडलांचे दोन्ही गुडघे गेलेत, पंधरा दिवसाला एकदा बेळगावला दवाखान्यात न्यायला लागतं आणि बसची पायरी त्यांना चढवत नाही. बजेट साडेतीन लाख, त्यातलं दीड लाख सोसायटीचं कर्ज, म्हणजे चुकलो तर परत सावरायला दोन वर्षं जातील, म्हणून एवढं खोलात विचारतोय.

दोन गाड्या बघितल्या, दोन्ही वॅगनआर पेट्रोल, २०१७ च्या. पहिली कोल्हापूरची, एकच मालक, ६२ हजार किमी, २ लाख ७० हजार. दुसरी टिळकवाडीतली, केए २२, दुसरा मालक, ७८ हजार किमी, आणि तो ३ लाख ३० च्या खाली यायला तयार नाही. साठ हजारांचा फरक आहे ओ, मन कोल्हापूरकडं ओढतंय.

पण महापूर डोक्यातून जाईना. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा गाडी कोल्हापुरातच होती. मालक म्हणतो आमचा भाग उंचावर, पाणी आलंच नाही. माणूस साधा वाटला, खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, तरी ड्रायव्हर बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, कारण आत गुंडाळलेला भाग कोण धूत नाही, गाळाची रेघ असली तर तिथं सापडते. स्वच्छ होता. मागचे बेल्ट बघायचे राहिले. खालचं मॅटिंग उचलून बघू का म्हटलं तर "परवा या" म्हणाला, ते खटकलं. शिवाय मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं, म्हणजे थंड इंजिन कसं चालू होतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, काहीच कळलं नाही. टायरवर २३१७ आहे, म्हणजे २०१७ च्या २३ व्या आठवड्यातले, ते तर बदलायलाच लागणार.

दुसरं पासिंगचं, म्हणजे आरटीओत गाडी कर्नाटकात नोंदवायचं. एजंट म्हणतो वर्षभर एमएच नंबरवरच फिरवा, नियमच आहे. खरं काय ते कोणीतरी नीट सांगा की.

उद्यमबाग गॅरेज:
दादा, एजंटचं ऐकू नका. ती बारा महिन्यांची मुदत स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसाला. तुम्ही विकत घेताय, तुम्हाला ३० दिवसांत नाव बदलायला अर्ज करावाच लागतो. उद्या अपघात झाला आणि कागदावर जुनाच मालक असला की तो पण अडकणार आणि तुम्ही पण. कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असा दाखला, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. त्याच्याबरोबर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर लोन असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आणि इकडं नवीन नंबरसाठी फॉर्म २७. गाडीचं मूळ बिल पण मागून घ्या, कारण आपल्या कर्नाटकातला लाइफ टॅक्स, म्हणजे एकदाच भरायचा रोड टॅक्स, मूळ किमतीवर धरतात आणि गाडीच्या वयाप्रमाणं कमी करतात. टॅक्स, नवीन नंबर प्लेट, एजंटचा खर्च धरला तर साठातले निम्मे तरी तिथंच गेले समजा. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा.

चिकोडीची ताई:
भाऊ, आमची गाडी २०१९ ला दोन दिवस पाण्यात होती म्हणून लिहिते. गॅरेजमधून आली तेव्हा नव्यासारखी दिसत होती आणि सात-आठ महिने काही झालं नाही, मग पहिल्या पावसात आत कुबट वास, काचा मधेच बंद, एकदा तर रात्री हॉर्न आपोआप वाजायला लागला. वायरिंगमधलं पाणी लगेच कळत नाही हो. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात माती, हेडलाइटच्या आत धुकं, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूचे स्क्रू, एवढं टॉर्च घेऊन बघाच. गाडीच्या नंबरवरनं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधे हिस्ट्री काढायला मालकालाच सांगा, किमी खरे का खोटे ते पण तिथंच कळतं. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ नंतर लगेच मोठं काम झालेलं दिसलं तर सरळ परत या. आणि परवा बोलावलंय तर सांगून जाऊ नका, सकाळी लवकर जा.

खानापूरवाला:
ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. ते ३० दिवसांचं मला माहीतच नव्हतं. रविवारी पहाटे ओळखीच्या मेस्त्रींना घेऊन कोल्हापूरला निघतोय, न सांगता. हिस्ट्री काढून दे म्हणून मालकाला आत्ताच मेसेज केलाय, अजून उत्तर नाही. तोवर टिळकवाडीवाला दहा हजार टोकन मागतोय, नाहीतर दुसऱ्याला देतो म्हणतो. टोकन द्यावं का, आणि दिलं तर कागदावर काय काय लिहून घ्यावं?