शब्दचर्चा : चेटकीण, डाकीण, हडळ आणि करणी

कानामात्रा :
सध्या दोन पुस्तकांच्या अनुवादाची कामं एकदम हातात आली आहेत. एक मुलांसाठीच्या परदेशी लोककथांचं, दुसरं युरोप-अमेरिकेतल्या जुन्या खटल्यांच्या इतिहासाचं. दोन्हीकडे पानोपानी 'विच' आणि 'विचक्राफ्ट'. लोककथांत मी बिनदिक्कत 'चेटकीण' लिहिते आणि पुढे जाते. इतिहासात मात्र हात अडतो. 'अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली 19 चेटकिणींना फाशी दिली' असं लिहिलं की दोन घोळ होतात. त्या 19 जणांत 5 पुरुष होते, हा एक. दुसरा जास्त वाईट. या वाक्यात मीच न्यायाधीशांच्या बाजूने साक्ष देऊन मोकळी होते, कारण 'चेटकिणींना' म्हटलं की त्या चेटकिणी होत्या हे मान्य केल्यासारखंच झालं. संपादकांनी समासात लिहून ठेवलंय, 'हडळ चालेल का?' शिवाय 'विचक्राफ्ट'ला जादूटोणा, चेटूक, करणी, काळी जादू यांपैकी काय घ्यावं?

वेलांटी :
हडळ अजिबात नको! हडळ मेलेली असते. बाई मरून भूत झाली की तिची हडळ होते, जखीण होते, लावसट होते. चेटकीण हाडामांसाची, जिवंत. मेलेलीला पुन्हा फासावर कसं चढवणार? (जखीण हे 'यक्षिणी'चं घासून झालेलं रूप. मेघदूतातल्या यक्षाची विरहिणी बायको आणि पिंपळावरची जखीण एकाच घराण्यातल्या, हे आठवलं की हसू येतं.)

पण खटल्यांच्या पुस्तकात 'चेटकीण'सुद्धा नकोच, असं माझं मत. तो शब्द आता बालनाट्यानं पळवलाय. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी काही गाजवली, की शब्द ऐकल्यावर भीतीच्या आधी हसू फुटतं. लोककथांना ते शोभतं. कुणाच्या तरी आईला तुरुंगात टाकल्याची हकीकत वाचताना ते चालणार नाही.

अवग्रह :
नामं बाजूला ठेवून आधी क्रियापदं बघू. करणी करतात, भानामती करतात, मूठ मारतात, चेटूक करतात. या सगळ्यात कोणीतरी मुद्दाम काहीतरी करतो. दृष्ट मात्र लागते. ज्याची लागली त्याच्या मनात काही नसलं तरी लागते. मराठीनं हा फरक क्रियापदांतच ठेवलाय आणि मानवशास्त्राच्या पुस्तकांत नेमका तोच फरक कळीचा असतो. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डचं मध्य आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरचं 1937 चं पुस्तक घ्या. अझांदेंच्या समजुतीप्रमाणे 'मंगू' हा माणसाच्या पोटात जन्मतःच असलेला पदार्थ. तो बापाकडून मुलांकडे, आईकडून मुलींकडे येतो आणि आपल्यात तो आहे हे त्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. औषधं आणि मंत्र वापरून केलेला अपाय ही वेगळी गोष्ट. पहिलीला त्यानं 'विचक्राफ्ट' म्हटलं, दुसरीला 'सॉर्सरी'. त्याचं कोठाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. वाळवीनं खांब पोखरले म्हणून कोठार कोसळलं, हे अझांदेंनाही कळतं. पण नेमकी हीच माणसं सावलीला बसलेली असताना का कोसळलं, याचं उत्तर मंगू. इथे 'विचक्राफ्ट'ला कोणी 'जादूटोणा' लिहिलं तर अर्थ उलटाच होईल, कारण टोणा केलाय कोणी?

आता तुमचे युरोपी खटले. तिथल्या लॅटिन कागदांत गुन्ह्याचं नाव 'मालेफिकियुम', म्हणजे शब्दशः वाईट कृत्य. दूध नासवलं, गाय मारली, मूल आजारी पाडलं. याला आपल्याकडे हुबेहूब शब्द आहे: करणी. तोही 'करणे'वरूनच आलाय आणि त्याचा साधा, निरुपद्रवी अर्थही शाबूत आहे, नाहीतर 'देवाची करणी अन् नारळात पाणी' म्हणता आलं नसतं. अथर्ववेदातली 'कृत्या' हीसुद्धा याच मुशीतली, 'कृ' धातूची. तेव्हा मालेफिकियुमला डोळे मिटून 'करणी' लिहा.

आणि लिंगाचं म्हणाल, तर त्यावर जुनी पुस्तकं फार बोलकी आहेत. 1486 च्या सुमारास हाइनरिश क्रामरनं चेटकाच्या खटल्यांवर जो कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्याचं नाव 'मालेउस मालेफिकारुम'. मालेउस म्हणजे हातोडा. 'मालेफिकारुम' हे स्त्रीलिंगी अनेकवचन, 'करणी करणाऱ्या बायकांचा'. पुल्लिंगी असतं तर 'मालेफिकोरुम' झालं असतं. हा रोख सगळीकडे सारखा नव्हता. बायबलात निर्गम 22:18 मध्ये ज्यांना जिवंत ठेवू नये असं म्हटलंय तो शब्द हिब्रूत स्त्रीलिंगी एकवचनी आहे, पण लॅटिन बायबलात तो 'मालेफिकोस' असा पुल्लिंगी अनेकवचनी झालाय. त्याच वचनावर रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज लेखकानं 1584 मध्ये वाद घातला, की मुळातला शब्द विषप्रयोग करणाऱ्यांबद्दल आहे, तुम्ही म्हाताऱ्या बायका का पकडताय? एका शब्दाच्या अर्थावर माणसं मरत होती, तेव्हा तुमचा हात अडतोय हे ठीकच आहे.

पोटफोड्या ष :
'डाकीण' कुणीच कसं सुचवलं नाही? हा शब्दच मुळात आरोप आहे. कोणी स्वतःला डाकीण म्हणवत नाही, गाव तिला डाकीण ठरवतं. बिहारच्या 1999 च्या कायद्यात 'डायन'ची व्याख्या बघा. इतरांनी जिला डायन ठरवलंय अशी स्त्री, अशा धर्तीची आहे. कायद्यानं ती 'आहे की नाही' या भानगडीत न पडता 'ठरवणाऱ्यांवर' बोट ठेवलंय. कानामात्रा, तुम्हाला हवंय ते हेच ना?

कानामात्रा :
हवंय हेच, पण 'डाकीण' लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर सातपुड्यातला पाडा येतो. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम, कट्टर प्रॉटेस्टंट प्युरिटनांचं गाव, तिथे मावत नाही. शिवाय बौद्धांच्या वज्रयान पंथात डाकिनी पूज्य आहे, म्हणजे त्या विषयावरचं पुस्तक हाती आलं तर आणखी पंचाईत. 'ठरवणं' हे क्रियापद मात्र घेतलं.

अवग्रह :
मग नामाला हातच लावू नका. 'चेटकाच्या आरोपावरून 19 जण फासावर गेले, 14 स्त्रिया आणि 5 पुरुष.' चाबूक-चाबकाचा तसं चेटूक-चेटकाचा. 'चेटुकाचा' असं छापलेलं दिसतं, ते कानाला खटकतं. आणि विसावा बळी, जाइल्स कोरी. त्यानं आरोपावर उत्तर द्यायलाच नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत गेले, त्यात तो मेला. त्याला फासावरच्यांत मोजू नका.

'जिवंत जाळलं' हेही सरसकट लिहू नका. जर्मनीकडे जाळत, इंग्लंड आणि त्याच्या अमेरिकी वसाहतींत चेटकाला शिक्षा फाशीची.

वेलांटी :
पुरुषांना 'चेटक्या' आहेच की. मुलांच्या पुस्तकात झकास वाटतो. जादूच्या शाळांच्या कादंबऱ्यांत तर 'विच' म्हणजे नुसती जादू येणारी मुलगी, त्यात काळंबेरं काही नाही. तिथे 'जादूगारीण' पुरे. 'चेटकीण' लिहाल तर नायिकेलाच नाकावर चामखीळ फुटेल.

पोटफोड्या ष :
अजून एक खाचखळगा. ब्रिटनचा 1735 चा विचक्राफ्टचा कायदा. त्यात चेटूक हा गुन्हा नव्हताच, अंगात शक्ती असल्याचा आव आणणं हा गुन्हा होता. त्या प्रकरणात 'करणी' लिहिलंत तर पार गोंधळ. तिथे 'भोंदूगिरी'. तो कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. तेव्हापासून स्वतःला अभिमानानं 'विच' म्हणवणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी मराठी शब्द शोधू नका, त्यांच्या पंथाचं नाव विक्का, तेव्हा 'विक्कापंथी' म्हणा. जुन्या इंग्रजीत 'विच्चा' पुल्लिंगी आणि 'विच्चे' स्त्रीलिंगी अशी दोन्ही रूपं होती, त्यातलं पहिलं त्यांनी घेतलंय, उच्चार बदलून.

कानामात्रा :
म्हणजे खटल्यांत 'करणी' आणि 'चेटकाचा आरोप', 1735 ला 'भोंदूगिरी', गार्डनरला 'विक्का', गोष्टींत चेटकीण. संपादक म्हणणार, एका इंग्रजी शब्दाला चार मराठी कशाला. म्हणू देत. फक्त 'विच-हंट' उरलं. 'चेटकीणशिकार' लिहून बघितलं, अंगावर काटा आला, पण चुकीच्या कारणासाठी.

अवग्रह :
खटल्यांच्या संदर्भात 'चेटकाच्या संशयावरून धरपकड'. राजकारणातला लाक्षणिक अर्थ असेल तर 'ससेमिरा'. आणि तो शब्द या पुस्तकाला मुद्दाम शोभेल. विक्रमाच्या गोष्टींत एक राजपुत्र आहे. आसरा देणाऱ्या अस्वलाला तो झाडावरून खाली वाघाच्या तोंडी ढकलतो आणि शापानं वेडा होऊन 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बडबडत फिरतो. त्याच चार अक्षरांनी एकेक सुरू होणारे चार श्लोक म्हटल्यावर तो बरा होतो.

वेलांटी :
म्हणजे उतारासुद्धा श्लोकांचाच. हे तळटीपेत घालाच.