मदत हवी: इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, पण एच१ नाही, एच३ही नाही. रिपोर्टात काय लिहायचं?

पिपेटधारी:
फ्लूसाठी आम्ही मल्टिप्लेक्स आरटी-पीसीआर किट (एकाच वेळी अनेक जीन शोधणारी चाचणी) वापरतो. त्यात ए साठी एम जीन, शिवाय बी, २००९ चा एच१, एच३ (हे ए चे उपप्रकार, म्हणजे सबटाइप) आणि कंट्रोल म्हणून आरएनेज पी (माणसाच्या पेशींतला जीन, नमुना ठीक आहे हे कळायला). सध्या अधूनमधून असे नमुने येताहेत की एम जीनची रेघ चढते, सीटी (किती आवर्तनांनंतर रेघ चढली तो आकडा; जितका मोठा तितका विषाणू कमी) ३४ च्या आसपास, पण एच१ आणि एच३ दोन्ही सपाट. आरएनेज पी झकास, कंट्रोल चोख. म्हणजे स्वॅब आणि एक्स्ट्रॅक्शनवर (नमुन्यातून आरएनए काढण्यावर) खापर फोडता येत नाही.

वॉर्डातून सारखा फोन, "सबटाइप सांगा". एकाने तर रॅपिड कार्ड लावून बघा म्हणून सुचवलं! ते कार्ड न्यूक्लिओप्रोटीन पकडतं, त्यामुळे फार तर ए की बी एवढं कळेल. आणि इतका कमी विषाणू असताना ते निगेटिव्हच येणार.

कुणी असे नमुने हाताळलेत का? रिपीट किती ताणायचं, आणि तोवर रिपोर्ट अडवून ठेवायचा का?

सीटी_छत्तीस:
रिपोर्ट अजिबात अडवू नका. "इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, उपप्रकार ठरवता आला नाही" असं लिहून मोकळे व्हा. ओसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) सुरू करायला सबटाइप लागत नाही, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. हे वॉर्डालाही ठणकावून सांगा.

आता कारण. एम जीन फारसा बदलत नाही, हिमॅग्लुटिनिनचा (विषाणूवरचं प्रथिन, एच१-एच३ मधला 'एच') जीन मात्र सतत बदलतो. त्यामुळे एच१-एच३ चे प्रोब (जीन ओळखणारे तुकडे) बऱ्याचदा थोडे कमी संवेदनशील पडतात. ३४ सीटीला मुळात आरएनए मोजकाच, तिथे ते हुकणं नवल नाही. उरलेल्या व्हीटीएममधून (स्वॅब ठेवतात त्या द्रावणातून) नव्याने एक्स्ट्रॅक्शन करा, किट परवानगी देत असेल तर कमी आकारमानात इल्यूट करा (आरएनए कमी द्रवात उतरवा). एकदाच. तेवढ्यावर नाही उठला तर ताजा स्वॅब मागा. रुग्ण गंभीर असेल तर खालच्या श्वसनमार्गातला नमुना.

खरी घंटा वाजायला हवी ती एम जीन २५ ला आणि दोन्ही एच सपाट असताना. २००९ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांचे नमुने असेच कुठल्याच खणात बसेनात, आणि त्यातूनच नवा एच१एन१ सापडला.

रानजाई:
एक भर. तुमच्या किटमध्ये एच५ चा प्रोबच नाही, त्यामुळे "बर्ड फ्लू नाही" असं फोनवरही बोलू नका. कोंबड्या, डुकरं, गुरं यांच्याशी संपर्क आला होता का, हे रुग्णाला विचारायला सांगा. आणि अशा नमुन्याचं कल्चर आपल्याकडे करायच्या भानगडीत पडू नका.

पिपेटधारी:
आभार दोघांचे. नव्या एक्स्ट्रॅक्शनवर बहुतेकांचा एच३ उठला, ३७ च्या आगेमागे. एक मात्र अडलाय. त्याचा एम जीन २७ आणि एच१, एच३ दोन्ही ठार सपाट. संपर्काबद्दल वॉर्डाकडून अजून उत्तर नाही.

सीटी_छत्तीस:
२७? मग उत्तराची वाट बघू नका. संदर्भ प्रयोगशाळेला आत्ता फोन करा, मूळ नमुना तिहेरी पॅकिंगमध्ये थंड ठेवून पाठवा. ७२ तासांत पोचणार असेल तर २ ते ८ अंश चालतं, नाहीतर उणे ७०. प्रोब जुळत नसलेला साधा एच३ही निघू शकतो, पण ते सीक्वेन्सिंगला ठरवू दे. थोडा नमुना स्वतःकडे राखून ठेवा.