मदत हवी आहे: जपानी वाचता येतं, ऐकताना दांडी गुल

नमस्कार मंडळी,

जुलैत जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन४ पातळी दिली. १८०पैकी १०४ मिळाले. पास व्हायला ९० पुरतात, तरी मी नापास. कारण ऐकण्याच्या भागात ६०पैकी किमान १९ लागतात आणि मला १७. नवरा नुसता एकूण आकडा बघून पेढे घेऊन आला होता.

वय ४३, डोंबिवली ते सीएसएमटी. घरी वही उघडणं होत नाही, जो काही अभ्यास होतो तो लोकलमध्येच. व्याकरणाचं मला भय नाही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, प्रत्ययही शब्दाच्या मागेच. अक्षरांचा आ-का-सा-ता-ना क्रमसुद्धा मुळात आपल्याकडच्या वर्णमालेवरून तिकडे गेलेला, त्यामुळे शब्दकोश चाळताना परकं वाटत नाही. पण ऐकण्याची ती ३५ मिनिटं! प्रत्येक संवाद एकदाच वाजतो.

परवाच्या सराव पेपरातलं सांगते. ऑफिसातला माणूस आधी काय करेल, असा प्रश्न. चित्रं चार. झेरॉक्सचा उल्लेख ऐकला आणि लगेच त्यावर खूण केली. उत्तर होतं खुर्च्या मांडणं. मधे ती बाई 'कोपी वा मो शितोकिमाशिता' म्हणून गेली होती. मी शिकले होते 'शिते ओकिमाशिता', आणि वहीत पुस्तकातला इंग्रजी अर्थ, म्हणजे 'आगाऊ करणे'. हे दोन्ही एकच, हे डोक्यात शिरेपर्यंत संवाद संपला.

ऐकता ऐकता मागोमाग पुटपुटण्याचा प्रयोगही केला. चौथ्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "कुठलं स्तोत्र म्हणतेस गं?" मालिका लावल्या तर डोळे खालच्या अक्षरांवर.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा बसायचंय. तुम्ही कान कसे तयार केलेत? अ‍ॅपची नावं नकोत, सात आहेत माझ्याकडे.

प्रतिसाद १

ताई, दोष कानाचा कमी, वहीचा जास्त. 'शिते ओकु' म्हणजे सरळ 'करून ठेवणे'. 'झेरॉक्स काढून ठेवल्यात' असं कुणी म्हटलं असतं तर झेरॉक्सवर खूण केली असतीत का? 'ताबेते मिरु' खाऊन बघणे, 'ताबेते शिमाउ' खाऊन टाकणे, 'ताबेतेमो ई' खाल्लं तरी चालेल. इंग्रजीमार्गे गेलात की कल्याणला जायला चर्चगेटची गाडी पकडल्यासारखं होतं. अर्थ मराठीत लिहून काढा, मला तीन रविवार लागले.

मग मिनिटभराचा एकच संवाद घ्या. जपान फाउंडेशनच्या 'इरोदोरी'चे धडे आवाजासकट फुकट मिळतात. छापील संवाद न बघता जे कानावर पडेल ते देवनागरीत उतरवायचं, चुकीचं का होईना, आणि नंतर ताडून बघायचं. जिथे फरक पडेल तिथेच कान अडतोय. आठवडाभर तोच संवाद, कंटाळा आला तरी.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त देवनागरीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. मराठी बोलताना आपण त्यात ढिलाई करतो, जपानीत अर्थ बदलतो. ओबासान म्हणजे काकू, ओबाआसान म्हणजे आजी. मी एका जपानी पाहुण्या बाईंना समोरासमोर आजी म्हटलंय. त्या हसल्या, माझे साहेब हसले नाहीत.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही आभार. वही काढली. पहिल्याच पानावर 'इकानाकेरेबा नारिमासेन'समोर इंग्रजी ओळ होती, ती खोडून 'गेल्याशिवाय चालणार नाही' लिहिलं. एवढं सोपं होतं हे?

आज ठाणे ते दादर एकच संवाद अकरा वेळा ऐकला. आठव्या खेपेला 'तोकिमाशिता' सुटं ऐकू आलं. आता एवढंच सांगा, संध्याकाळी उभ्याने लिहायचं कसं? त्या गर्दीत पेन काढलं तर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.