कच्छच्या रणाचा वाद : मध्यस्थी की लवाद?

प्रश्न (अमळनेर)
राज्यसेवेच्या तयारीत कच्छच्या रणाचा भारत-पाकिस्तान सीमावाद वाचताना गोंधळ झाला आहे. एका टिपणात ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी १९६५ मध्ये मध्यस्थी केली असे आहे, तर दुसऱ्यात हा वाद १९६८ मध्ये लवादाने सोडवला असे आहे. बरोबर काय? आणि दोन्ही देशांनी निकाल मानला असेल, तर पुढे भारताने तिसऱ्याला मध्ये घेण्याचे का टाळले?

निवृत्त भूमापक, धुळे
दोन्ही बरोबर आहे, कारण त्या दोन पायऱ्या आहेत. माझी सगळी नोकरी मोजणीत गेली, म्हणून बांधाचेच उदाहरण देतो. भांडण पेटले की गावातील एखादे वडीलधारे नाना दोघांना ओट्यावर बसवतात. ते शेत मोजत नाहीत, दोघांना फक्त शांत करून मोजणीच्या अर्जावर सह्या करायला लावतात. विल्सन यांनी तेच केले. ३० जून १९६५ च्या करारात युद्धबंदी ठरली आणि वाटाघाटी फिसकटल्यास त्रिसदस्य लवाद नेमावा, त्यात दोहोंपैकी कोणत्याही देशाचा नागरिक नसावा, निकाल मात्र बंधनकारक राहावा, असेही ठरले. भारताने युगोस्लाव्हियाचे बेब्लर, पाकिस्तानने इराणचे एन्तेझाम यांना नेमले. अध्यक्ष स्वीडनचे लागरग्रेन होते. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला आणि वादातील सुमारे दहावा भाग पाकिस्तानकडे गेला. बेब्लर यांचे मत वेगळे होते.

शिक्षक, रावेर
धुळ्याच्या भाऊंचे म्हणणे पटते, पण मध्यस्थ केवळ सह्या घेतो असे नाही. तो तोडगाही सुचवू शकतो, फक्त लादू शकत नाही. इक्वेडोर आणि पेरू यांची १९९५ मध्ये सेनेपा खोऱ्यात लढाई झाली. ब्राझील, अर्जेंटिना, चिली आणि अमेरिका या हमीदार (जुन्या सीमाकराराची हमी घेतलेल्या) देशांच्या मदतीने १९९८ मध्ये करार झाला, तेव्हा तिविन्सा येथील एक चौरस किलोमीटर जमीन इक्वेडोरला मिळाली ती खाजगी मालमत्ता म्हणून. सार्वभौमत्व पेरूचेच राहिले. सातबारा एकाचा, शिवार दुसऱ्याचे, असा हा प्रकार. त्यामुळे दोन्ही सरकारांना आपापल्या लोकांसमोर दाखवायला काहीतरी उरले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत असे की कच्छच्या निकालाने देशात फार कटुता आली. १९६८ मध्ये सत्याग्रह झाला, त्यात वाजपेयीही होते.

प्रश्नकर्ता, अमळनेर
आभारी आहे, सर. पण भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते ना?

वकील, जळगाव
हाच मुद्दा १९६९ मध्ये मगनभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. हे भूभाग देणे नसून वादातील सीमा निश्चित करणे आहे, म्हणून घटनादुरुस्तीची गरज नाही, असे न्यायालयाने ठरवले. बेरूबारी प्रकरणाशी (तिथे भूभाग प्रत्यक्ष द्यायचा होता, म्हणून घटनादुरुस्ती लागली) तुलना करूनच हे वाचावे. परीक्षेत बहुतेक जण तिथेच घसरतात. तसेच १९७२ च्या सिमला करारात द्विपक्षीय वाटाघाटींबरोबर ‘परस्परांना मान्य असलेला अन्य शांततामय मार्ग’ हेही लिहिलेले आहे, तेव्हा ‘सिमल्यानंतर तिसरा पक्ष निषिद्ध’ असे सरसकट लिहू नका. दोघांची संमती हवी, एवढेच त्यात आहे.