फिलिपिनी लोककथांवर मुलांसाठी फँटसी: कोणाला ठेवू, कोणाला काढू?

पानगळ: ९ ते १२ वयोगटासाठी कादंबरी लिहितेय. नायिका ११ वर्षांची, पनाय बेटावरच्या इलोइलोची. टिकबालांग, काप्रे, मनानांग्गाल, बाकुनावा असे सगळेच आलेत; प्रकरणागणिक नवा राक्षस. शिवाय मनानांग्गाल या वयाला झेपेल का?

दर्यावर्दी: आधी नकाशा बघा. टिकबालांग मुख्यतः उत्तरेकडच्या लुझोन बेटावरच्या तागालोग लोकांच्या कथांमधला. वाटसरूंना चकवणारा, घोड्याच्या तोंडाचा. त्याला खुशाल काढा. बाकुनावा, म्हणजे चंद्र गिळून ग्रहण लावणारी महाकाय नागीण, मात्र विसायाची; पनाय याच मधल्या बेटसमूहात, म्हणजे ती नायिकेच्या घरचीच. सात चंद्रांपैकी सहा तिने गिळले. सातव्यावर आली की लोक ढोल, भांडी बडवून तिला तो ओकायला लावतात. मुलांना करण्याजोगं काम आयतंच मिळालं, तलवार लागतच नाही.

फक्त पंचांग सांभाळा. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं. तिसऱ्या प्रकरणात संध्याकाळी बारीक कोर दाखवलीत, तर ग्रहणाला अजून ११-१२ दिवस हवेत. खग्रास स्थिती जास्तीत जास्त पावणेदोन तासांची, त्यामुळे शेवटची धावपळ तेवढ्यातच बसवा.

निंबोणी: मनानांग्गाल झेपेल. मूळ कथांत ती गरोदर बाईच्या छपरातून लांब जीभ सोडते. ते बदला, पण नियम बदलू नका. रात्री कमरेपासून वरचं धड उडून जातं, खालचं उभं राहतं. त्या खालच्या अर्ध्यावर मीठ, राख किंवा ठेचलेला लसूण टाकला तर ती परत जुळू शकत नाही आणि उजाडताच मरते. बहुतेक जण इथेच फसतात: लसूण दुरून दाखवला की ती पळते असं लिहितात, मग उरतो नुसता ड्रॅक्युला. खरी गंमत ते अर्धं शरीर शोधण्यात आहे.

अस्वांगाच्या, म्हणजे रूप बदलून माणसं खाणाऱ्या राक्षसाच्या, 'टिक-टिक' आवाजाचा नियमही घ्या. आवाज जितका मंद, तितका तो जवळ. मोठ्याने वाचताना मुलं श्वास रोखतात.

शेजारच्या कापिस प्रांताला अस्वांगांचा मुलूख म्हणून आधीच बदनाम केलंय, तेव्हा खलनायकाचं गाव तिथे नको. आणि जाणती आजी हवी असेल तर बाबायलान घ्या. पूजा, औषधोपचार करणाऱ्या या बहुतेक बायकाच. स्पॅनिश पाद्र्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं.

पानगळ: काप्रेचा मराठीत 'मुंजा' केलाय. चालेल?

दर्यावर्दी: नको. मुंजा म्हणजे मेलेला मुलगा. काप्रे कोणाचंच भूत नाही. बालेतेच्या झाडावर बसून चिरूट ओढणारा केसाळ, अवाढव्य गडी. झाड वडा-पिंपळाच्या कुळातलं, म्हणून मोह होतो एवढंच.

निंबोणी: वारुळातल्या म्हाताऱ्याला, नुनोला, ठेवणार असाल तर वारुळापाशून जाताना 'ताबी-ताबी' ('जरा वाट द्या') म्हणायला लावा. 'ताबी-ताबी पो' मधला शेवटचा 'पो' तागालोग आदरार्थी आहे, इलोइलोच्या पोरीच्या तोंडी नको. थोरल्या बहिणीलाही तिथे 'मानांग' जास्त शोभेल. नुनोचा अपमान झाला की पाय सुजतो, डॉक्टरांना कारण सापडत नाही. उतारा म्हणजे माफी आणि वारुळापाशी ठेवलेलं खाणं.