ग्वांगझू-शांघायला चाललोय, रात्री बसायचं कुठे?

भांडुपचा_बाळ्या

मंडळी, ऑक्टोबरात कंपनीतर्फे पहिल्यांदाच चीनला चाललोय. आधी पाच दिवस ग्वांगझूचा कँटन फेअर, म्हणजे मालाचं मोठं व्यापारी प्रदर्शन, मग शांघायला दोन रात्री. दिवसभर स्टॉल हिंडून पायांचे तुकडे पडणार हे गृहीत धरलंय, म्हणून संध्याकाळचं विचारतोय.

नेटवर शोधलं तर जिथे तिथे साठाव्या मजल्यावरचे बार आणि हातात निळा ग्लास धरलेली माणसं. तसलं एखादं चालेल, रोज नको. आपली बैठक म्हणजे स्टेशनबाहेरची परमिट रूम, दोन बिअर, मसाला पापड, आणि शेवटची लोकल चुकायच्या आत घर. त्या जातीचं काही तिकडे असतं का?

अडचण अशी की सोबत साहेब आहेत. घाटकोपरचे, जैन, थेंबाला शिवत नाहीत. त्यांना रोज हॉटेलवर एकटं टाकून जाणं बरं दिसत नाही. शिवाय सप्लायर जबरदस्तीने पाजतात, नाही म्हटलं तर भाव बिघडतो, असं ऑफिसातल्या एकाने घाबरवून ठेवलंय.

खरंच जाऊन आलेल्यांनी सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत.

माहीमचा_मासा

चिनी माल आणि चिनी दारू दोन्हींची गॅरंटी दुकानाबाहेर पाऊल टाकेपर्यंतच. 😄 मी फक्त हाँगकाँग पाहिलंय, तेही कंपनीच्या पैशाने लान क्वाय फाँगच्या चढावर उभं राहून पिण्यापुरतं, त्यामुळे गप्प बसतो. झुंबरवाल्या दादांना हाक मारा.

झुंबरवाला

हाक ऐकली, आलो. लोहार चाळीत माझा दिव्यांचा धंदा आहे. 2008 पासून, मधली कोविडची वर्षं सोडली तर, दर ऑक्टोबरात फेअरच्या पहिल्या टप्प्याला असतो. नवरात्र, दिवाळी, काय आड येईल ते येऊ दे.

बाळ्या, आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. आपण आधी बसतो, दहा वाजता कुणीतरी म्हणतं "अरे जेवण सांगा", आणि तोवर किचन बंद व्हायला आलेलं असतं. तिकडे पिणं जेवणातच होतं. सहा-साडेसहाला गोल टेबलाभोवती बसतात, मधली काच फिरत राहते, त्यावर ताटल्या आणि बाटल्या एकत्रच फिरतात, आणि नऊच्या आसपास सगळे उठतात. बार त्यानंतरचा, आणि कित्येकदा तो नसतोच. माझ्या चांगल्या रात्रींपैकी बारमधल्या फार थोड्या.

ग्वांगझूत टेबलावर बसलास की प्लास्टिकमध्ये सीलबंद वाटी, बशी, कप, चमचा असा संच समोर येईल. चॉपस्टिक टोचून ते फट्‌कन फोडायचं आणि किटलीतल्या पहिल्या गरम चहाने सगळं विसळून ते पाणी मोठ्या वाडग्यात ओतायचं. पहिल्या वर्षी मी ते विसळलेलं पाणी चहा समजून तोंडाला लावलं होतं. टेबलावरच्या आजीबाईंनी माझा हात धरला. कोणी तुझ्या कपात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, झालं थँक्यू. एवढं केलंस तरी निम्मं टेबल तुझ्या बाजूला.

आता पाजण्याचं. ग्वांगझूची माणसं मुळात चहाची. बायज्यूचा खरा मारा उत्तरेकडे, शानडोंगचा सप्लायर भेटला तर सांभाळ. बायज्यू म्हणजे ज्वारीची दारू. अंगठ्याएवढ्या काचेच्या कपातून देतात, म्हणून आपण हसतो. माओताय 53 टक्के असते, आपली व्हिस्की साधारण 43. वास पहिल्यांदा नासलेल्या अननसासारखा येतो, घसा उतरली की कानामागून गरम होतं. मोहाची प्यायलेल्याला ओळखीची वाटेल. ग्लास भिडवताना आपल्या ग्लासची कड समोरच्या मोठ्या माणसाच्या कडेपेक्षा खाली ठेवायची. तोही मान म्हणून खाली नेतो, तू आणखी खाली, असं करत एकदा आमचे दोन ग्लास टेबलक्लॉथला टेकले होते. "गानबेइ" म्हणजे कप रिकामा करायचा. त्यावर हळूच "सुइयी" म्हणायचं, म्हणजे ज्याला जेवढं झेपेल तेवढं. त्यात अपमान नसतो.

साहेबांसाठी तर रेडीमेड वाक्य आहे: "यी चा दाय ज्यू", दारूच्या जागी चहा. पाठ करून घ्या त्यांच्याकडून. उभं राहून, दोन्ही हातांनी चहाचा कप धरून म्हटलं की विषय संपला. भाव कधी बिघडलेला पाहिला नाही. भाव बिघडतो तो पेमेंट टर्म्सवर. कांदा-लसणाचं मात्र आधी लिहून घेऊन जा, तिथल्या स्वयंपाक्याला भाजी म्हणजे लसूण घातलेली भाजी.

बारच हवा तर फेअरच्या जवळ पाझौमध्येच पार्टी पियर आहे. जुन्या झूज्यांग बिअर कारखान्याला लागून नदीकाठी बारची रांग, त्याच काठाला पुढे 600 मीटरचा कँटन टॉवर रंग बदलत उभा. एक संध्याकाळ ठीक, बिअर ताजी मिळते. तुझी परमिट रूम पाहिजे असेल तर दहानंतर कुठल्याही गल्लीत शिर. त्या वेळच्या खाण्याला सियाओ ये म्हणतात. फुटपाथवर बुटकी प्लास्टिकची स्टुलं, कोळशावर लसूण घातलेली कालवं, आणि चखण्याला मीठ लावलेले तळलेले शेंगदाणे. हो, शेंगदाणेच. ते चॉपस्टिकने एकेक उचलायचे. मी दोन बिअर संपेपर्यंत सात उचलले होते. बिअर सहसा कोमट येते, "बिंग द" म्हणायचं, म्हणजे थंड. स्ट्राँगवाल्यांनी अपेक्षा ठेवू नयेत, त्यांची साधी बिअर साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास असते. रस्त्यावर बसून पितोस म्हणून कोणी हटकत नाही. मुंबईच्या माणसाला पहिले दोन दिवस उगीचच मागे वळून बघावंसं वाटतं.

शांघायला एक रात्र पीस हॉटेलसाठी ठेव. नानजिंग रोड नदीला मिळतो तिथे, हिरव्या निमुळत्या छपराचं. 1929 मध्ये व्हिक्टर ससूनने उघडलं, तेव्हा नाव कॅथे हॉटेल. ससून म्हणजे ससून डॉकवाले, काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीवाले, तेच घराणं. मुंबईच्या गिरण्या, त्याआधीची चीनला पाठवलेली अफू, तो पैसा शेवटी त्या नदीकाठी जाऊन उभा राहिला. तळमजल्यावर जॅझ बार आहे आणि 1980 पासून तिथे म्हाताऱ्या वादकांचा बँड वाजतो. मी गेलो त्या रात्री ट्रम्पेटवाले आजोबा प्रत्येक गाण्यानंतर रुमालाने आधी ट्रम्पेट आणि मग त्याच रुमालाने चष्मा पुसत होते. एका ग्लासाला शंभर युआनच्या वर मोजावे लागतात, म्हणजे हजार रुपयांच्या वरच समज. रविवारी पहाटे ससून डॉकवर बोंबलांसाठी घासाघीस करणारा मी, त्या गालिच्यावर मुकाट बिल भरून आलो.

आणि त्याच नानजिंग रोडवर 2009 मध्ये माझा पोपट झाला होता, तोही सांगतो. दोन मुलींनी फोटो काढून द्या म्हणून थांबवलं, मग "तुमचं इंग्लिश छान आहे". माझं इंग्लिश! तिथेच कळायला हवं होतं. बोलत बोलत बाजूच्या गल्लीत जिना चढून एका बारमध्ये. तीन ग्लास वाइन, कलिंगडाच्या फोडींची बशी, बिल 1,800 युआन. दाराशी दोन आडदांड माणसं आधी नव्हती, आता होती. खिशातले 1,100 टेकवून सुटलो. बायकोला आजतागायत सँपलचे पैसे म्हणून सांगितलंय. रस्त्यात आपणहून कोणी चहाला किंवा ड्रिंकला बोलावलं तर हसून पुढे चालू लाग.

पार्ल्याची_सून

दादांचा पोपट वाचून बरं वाटलं, आमच्या ह्यांचा तसाच झाला होता, चहावर. 😄

आम्ही दोन वर्षं शांघायला होतो. बाळ्या, बंडवर, म्हणजे पीस हॉटेलपुढच्या नदीकाठी, नदीपलीकडचे दिवे बघायचे असतील तर जेवण लवकर आटप, साधारण दहाच्या सुमारास ते मालवतात. साठावा मजला कशाला, जिन माओ टॉवरमध्ये 87 व्या मजल्यावर बार आहे. पण ढग उतरले असतील तर शंभर युआन देऊन पांढरी भिंत बघशील, खालून वर बघून टॉवरचं टोक दिसतंय का ते आधी तपास. आम्ही पाहुण्यांना दोन युआनच्या फेरीने नदी ओलांडायला लावायचो. भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचसारखीच माणसं सायकली-स्कूटरसकट चढतात, आणि देखावा तोच. फेरी उशिरापर्यंत नसते, आणि मेट्रोवरही साडेदहा-अकरानंतर भिस्त ठेवू नकोस.

कॉकटेलची हौस असेल तर फूशिंग रोडवरचा स्पीक लो. 2014 मध्ये शिंगो गोकान या जपानी बारटेंडरने काढला. बाहेरून बारच्या सामानाचं दुकान, शेकर, गाळण्या, बर्फाचे चिमटे मांडलेले. पुस्तकांचं कपाट ढकललं की आत जिना. माझ्या सासूबाई शेकर विकत घ्यायला म्हणून आत शिरल्या होत्या, त्यांना आम्ही कपाट दाखवलंच नाही.

पण चिनी मित्रांबरोबर बाहेर पडलास तर कॉकटेलपेक्षा फाशांची तयारी कर. प्रत्येकाला एक प्लास्टिकचा पेला आणि पाच फासे. पेला खडखडवून टेबलावर उपडा मारायचा, स्वतःचे फासे कडेने वाकून बघायचे, आणि मग टेबलावरच्या सगळ्यांचे मिळून किती असतील त्याची बोली. "चार पंजे." पुढचा म्हणतो "पाच पंजे." एक्का कशाच्याही जागी चालतो. थाप वाटली की पेले उघडायचे, ज्याचं चुकलं तो पितो. संगीत एवढं मोठं असतं की आकडे बोटांनी दाखवतात, तेही एकाच हाताच्या. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी बाहेर, आपण फोन करतो तसं. मी पहिल्या दिवशी कुणाला फोन करायचाय म्हणून विचारलं होतं. या खेळाचं नाव चुइन्यू, म्हणजे थापा मारणं. मुंबईकर दोन डावांत शिकतो.

मोठ्या क्लबात व्हिस्कीत बाटलीतला गोड ग्रीन टी ओततात. नाक मुरडू नकोस, उन्हाळ्यात बरं लागतं. बाई म्हणून सांगते, रात्री एकला एकटी परत येताना मला तिथे कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती भलत्या ठिकाणच्या नकली दारूची. फारच स्वस्तात "जितकी प्याल तितकी" असेल तिथे बिअरची बाटली समोर उघडून घ्यायची.

एक गंमत मुद्दाम बघ. जेवण आटोपून मोठ्या हॉटेलांबाहेर उभा राहा. पिऊन गाडी चालवणं तिकडे 2011 पासून थेट फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे लोक ॲपवरून दायजिया, म्हणजे बदली ड्रायव्हर, बोलावतात. हेल्मेट घातलेला माणूस घडीच्या बॅटरी सायकलवर येतो, सायकल दुमडतो, डिकीत कापड अंथरून त्यावर ठेवतो, आणि मालकाला मागे बसवून त्याचीच गाडी घरी नेतो. मग सायकल उलगडून पुढच्या गिऱ्हाइकाकडे. दहाच्या पुढे अशा चार-पाच सायकली दारात वाट बघत असतात.

भांडुपचा_बाळ्या

दादा, ताई, दंडवत. "यी चा दाय ज्यू" साहेबांना व्हॉट्सॲप केलं, ते गाडीत घोकतायत. दोन शंका. पैसे रोख न्यायचे की कसं? आणि पुढच्या वर्षी बीजिंग किंवा चेंगडू जमलं तर तिकडे काय?

पार्ल्याची_सून

इथूनच अलीपे टाकून त्यात आपलं इंटरनॅशनल कार्ड जोडून जा, शेंगदाणेवालासुद्धा क्यूआर पुढे करतो. थोडी रोख असू दे. टिप नाही देत कोणी. इथल्याच सिमचं रोमिंग घे, नाहीतर हॉटेलच्या वायफायवर तुझं व्हॉट्सॲप उघडणार नाही आणि साहेब घोकलेलं विसरतील.

चेंगडू माझं लाडकं. यूलिन भागात 1997 मध्ये सुरू झालेला छोटासा बार आहे, नावच "श्याओ ज्यूग्वान", म्हणजे छोटा बार. एका गाण्यामुळे एवढा गाजला की दारात फोटोवाल्यांचीच गर्दी. मी आत न जाता शेजारच्या गल्लीत काड्यांना टोचलेले तिखटजाळ तुकडे खात बसले. आणि साहेबांना तिथल्या पीपल्स पार्कमधल्या चहाच्या बागेत बसवून दे. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचा कप, गरम पाणी भरत राहतात. चिमटे वाजवत कान साफ करणारे फिरत असतात, तेवढ्यांपासून साहेबांना वाचव.

झुंबरवाला

बीजिंगात हौहाय तलावाकाठी रात्री फिरून ये, पण प्यायला बसू नकोस. दर दहा पावलांवर आत ओढणारे, आणि आत एकच गिटारवाला. त्यापेक्षा तिथल्या हुतोंग गल्ल्यांत शिरायचं. ग्रेट लीप ब्रुइंग 2010 मध्ये अशाच एका गल्लीतल्या जुन्या अंगणाच्या घरात सुरू झाली. त्यांच्या एका बिअरमध्ये मध आणि सेचुआन मिरी असते, जीभ झणझणते. आपल्या तिरफळाची सख्खी बहीण. बांगड्याच्या आमटीची आठवण झाली आणि जेवणाआधीच घरी फोन केला.

आणि बाळ्या, येताना माझ्यासाठी फाशांचे दोन पेले आण. ग्वांगझूत घाऊक बाजारात मिळतील. इथे आमच्याच गल्लीत तिप्पट भाव सांगतात, आणि सांगणारा माझाच शेजारी आहे.